कादंबरी, कोवळे वय आणि वडीलधारे

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चे नाव घेतले जाते. तिचे साल १८५७. त्याच्या आदल्याच वर्षी कंपनी सरकारने अश्लील पुस्तके आणि चित्रे यांच्या विक्रीला बंदी करणारा कायदा केला होता. कादंबरी मराठीत आली तेव्हा तिच्यावर नजर ठेवणारा कायदा असा आधीच तयार होता. ‘यमुनापर्यटन’ला त्याचे भय नव्हते. हिंदू विधवांचे हाल सांगणारी ती कहाणी धर्मप्रचाराच्या हेतूने लिहिलेली होती आणि तिच्यातून बिघडावे असे काही कोणाला सापडणे कठीण होते. पण पुढच्या दीडशे वर्षांत कादंबरी आणि वयात येणारा वाचक यांच्यामध्ये आईबाप, शिक्षक, ग्रंथपाल, संपादक आणि न्यायाधीश असे पुष्कळ जण येऊन उभे राहिले.

कादंबरीपूर्वी शृंगार मुलांच्या कानांवर पडत नव्हता असे नाही. पाठशाळेत रघुवंश, कुमारसंभव शिकताना विद्यार्थ्याचा त्याच्याशी संबंध येई. कीर्तनात गोपींच्या कथा येत, जत्रेत तमाशाचा फड लागे. मात्र हे सगळे चारचौघांत घडे आणि समोर गुरुजी, हरिदास किंवा घरचे कोणी मोठे माणूस असे. अवघड जागा आली की सांगणाराच ती ओलांडून पुढे जाई. कुमारसंभवाचा आठवा सर्ग, शिवपार्वतीच्या शृंगाराचा, शिकवताना गाळण्याची रीत पडली होती. त्या वर्णनाला अनुचित ठरवणारे काव्यशास्त्रज्ञही होऊन गेले होते. छापील कादंबरीने ही सोय मोडली. ती एकट्याने, मनातल्या मनात वाचायची गोष्ट होती. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणते पान आहे हे शेजारी बसलेल्यालाही कळत नसे. घरच्यांच्या काळजीची सुरुवात बरीचशी इथे आहे.

पहिल्या पिढीतल्या कादंबऱ्या आज वाचल्या तर त्यांत काळजी करण्यासारखे काय होते असा प्रश्न पडतो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ त्यानंतर काही वर्षांनी आलेली. राजपुत्र, सुंदर राजकन्या, दुष्ट प्रधान, विरह, चमत्कार आणि शेवटी मीलन, असा त्यांचा ऐवज. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये नावल आणि नाटक यांवर निबंध लिहिला, तेव्हापासून या प्रकाराची मराठीत गंभीर चिकित्सा सुरू झाली. दहा वर्षांनी ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकात याच कादंबऱ्यांचा समाचार घेतला. त्यांचा आक्षेप निराळा आणि जास्त नेमका होता: पुरुष लेखक बायकांची जी चित्रे रंगवतात त्यांचा खऱ्या बायकांच्या आयुष्याशी मेळ नाही. कादंबरीने बायका बिघडतात अशी ओरड पुरुषमंडळींची. बायकांविषयीच्या कल्पना कादंबरी बिघडवते हे दाखवणाऱ्या ताराबाईंची दखल मात्र त्या काळात फारशी कोणी घेतली नाही.

मुलींच्या वाचनाची चिंता मुलांपेक्षा आधी आणि मोठ्या आवाजात सुरू झाली, आणि तिच्यातला विरोधाभास चटकन ध्यानात येतो. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधाला संमती देण्याचे मुलीचे वय दहावरून बारावर नेले आणि त्यावरून पुण्यामुंबईत रण माजले. ज्या घरांत अकराबारा वर्षांची मुलगी संसाराला लागत होती, त्याच घरांत तिच्या हाती कादंबरी पडणे धोक्याचे मानले जाई. तिला प्रौढ आयुष्य कळू नये असा हा आग्रह नव्हता, ते तर तिच्यावर लादलेलेच होते. ते तिने पुस्तकातून, आपले आपण, समजून घेऊ नये एवढाच त्याचा अर्थ होता.

या वळणावर हरि नारायण आपट्यांचे काम महत्त्वाचे ठरते. कॉलेजातली मुले त्या काळी इंग्रजीतून जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या झपाटल्यासारखी वाचत. लंडनमधले खून, कुंटणखाने, उमरावांची लफडी यांनी भरलेले हे स्वस्त साहित्य विलायतेपेक्षा हिंदुस्थानात जास्त काळ टिकले. आपट्यांची पहिली सामाजिक कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सचाच आधार घेऊन उभी राहिली. पण १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले ते घरातल्या सगळ्यांनी वाचावे अशा बेताने, आणि त्यातूनच ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः आली. तिच्यातल्या यमुनेचे बालपण, लग्न, वैधव्य आणि केशवपन हे सारे खरे तर फार जड वाचन होते. तरी ते अंक घरात उघड्यावर राहिले, कारण त्यांच्यावर संपादकाच्या सभ्यतेची मोहोर होती. विषय किती दारुण आहे यापेक्षा तो कोणत्या सुरात मांडला आहे याकडे घरे पाहत, आणि हा संकेत पुढेही फार काळ टिकला.

मुलांसाठी वेगळे वाचन निर्माण करण्याची धडपडही याच सुमाराची. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ मध्ये निघाले, वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये. चरित्रे, नीतिकथा, सृष्टिज्ञान, कविता असा त्यांचा मजकूर असे. ही मासिके फार मोलाची होती, पण ती संपत तिथे पुढे एकदम मोठ्यांची कादंबरीच सुरू होई. तेरा ते अठरा या वयाचे असे साहित्य मराठीत फारसे नव्हते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेली ‘श्यामची आई’ १९३५ साली पुस्तकरूपाने आली आणि घराघरांत मुलांच्या हाती मुद्दाम ठेवली गेली. तिच्यानंतर काय वाचायचे हे मात्र ज्याने त्याने कपाटे धुंडाळून ठरवायचे होते.

कपाटात जे सापडे ते १९२० नंतर चांगलेच बदलले होते. पु. य. देशपांडे यांच्या ‘बंधनाच्या पलीकडे’ (१९२७) या कादंबरीत वेश्याकन्येशी विवाहाचा प्रश्न होता आणि तिने मोठे वादळ उठवले. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांतले नायक-नायिका टेनिस खेळत, मोटारीतून हिंडत आणि प्रेमात पडत. फडक्यांची वर्णने आज अगदीच सौम्य वाटतात, पण कॉलेजातल्या मुलामुलींनी भेटून आपसांत लग्न ठरवावे हीच कल्पना त्या वेळच्या पालकांच्या पोटात गोळा आणायला पुरेशी होती. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, कमावत्या, लग्न लांबलेल्या मुलींची कोंडी आणि त्यांच्या शरीरमनाच्या इच्छा त्यात बाईच्याच लेखणीतून आल्या होत्या. लेखिका कोण, याचा शोध पुस्तकापेक्षा जास्त उत्साहाने झाला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ कादंबरीने विवाहाबाहेरच्या मातृत्वाचा प्रश्न मांडला. या टोपणनावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर होत्या. त्यांच्या पुस्तकांवर तुटून पडणाऱ्यांचा एक ठराविक मुद्दा असे की आपल्या शिकत्या मुलींनी हे वाचले तर काय होईल. त्या मुली आधीच तसे जगत होत्या आणि पुस्तक त्यांच्याच निःश्वासांचे होते, हे कबूल करणे अवघड होते.

र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालले. ते कादंबरीचे क्षेत्र नव्हे, तरी इथे त्याचा उल्लेख हवा, कारण लैंगिक प्रश्नांची सरळ उत्तरे तरुणांना मराठीत मिळण्याचे ते जवळजवळ एकमेव ठिकाण होते. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दंड भरावा लागला.

कायद्यात तरुण वाचक कसा शिरला ते पाहण्याजोगे आहे. १८६८ मध्ये इंग्लंडात हिकलिन खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी अश्लीलतेची कसोटी घालून दिली: ज्यांची मने अशा परिणामांना खुली आहेत आणि ज्यांच्या हाती हे लेखन पडू शकते, त्यांना बिघडवण्याकडे त्याचा कल आहे का? भारतीय दंड संहितेत ‘अश्लील’ची व्याख्या नव्हती, म्हणून इथल्या न्यायालयांनी हीच कसोटी उचलली. तिचा परिणाम असा झाला की पन्नाशीतल्या वाचकासाठी लिहिलेले पुस्तकही पंधरा वर्षांच्या मुलाच्या नजरेने तोलले जाऊ लागले. १९२३ च्या जिनिव्हा करारानंतर १९२५ मध्ये संहिता सुधारली तेव्हा वीस वर्षांखालील व्यक्तीला अश्लील वस्तू विकणे हा कलम २९३ खाली वेगळा गुन्हा झाला. सतरा-अठराव्या वर्षी बाप होणारा मुलगा पुस्तकाच्या दुकानात मात्र विसाव्या वर्षापर्यंत अजाण धरला गेला.

मुंबईत या कसोटीची मोठी परीक्षा ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’वरून झाली. १९५९ च्या डिसेंबरात पोलिसांनी पाठवलेल्या बनावट गिऱ्हाइकाने एका बुकस्टॉलवरून तिची प्रत विकत घेतली. खटल्यात मुल्कराज आनंद यांनी पुस्तकाच्या वाङ्मयीन मोलाबद्दल साक्ष दिली, तरी दुकानाच्या भागीदाराला वीस रुपये दंड झाला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रणजित उदेशी खटला म्हणून प्रसिद्ध असलेल्या निकालात ती शिक्षा कायम केली आणि हिकलिन कसोटीला मान्यता दिली. त्याच १९५९ मध्ये नाबोकोव्हच्या ‘लोलिटा’च्या आयात प्रती मुंबईच्या कस्टम्सने अडवल्या होत्या. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांना ते पुस्तक विकृत वाटले, पण पंतप्रधान नेहरूंनी ते सोडण्याच्या बाजूने कौल दिला. इंग्रजी वाचणारा तरुण वाचक कोणत्या पुस्तकाला मुकणार हे असे कधी कस्टम्सच्या टेबलावर, तर कधी पोलिसांनी पाठवलेल्या गिऱ्हाइकाच्या खरेदीवर ठरत होते.

मराठीतला तेवढाच महत्त्वाचा खटला दिवाळी अंकातून निघाला. चंद्रकांत काकोडकर हे वाचनालयांतले अत्यंत लोकप्रिय कादंबरीकार; त्यांच्या ‘नीलांबरी’वरून पुढे ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट निघाला. १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेची फिर्याद झाली. दिवाळी अंक ही मराठी घरातली खास चीज आहे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून रुजलेली ही प्रथा. फराळाच्या ताटाशेजारी अंक पडलेला असतो आणि तो आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या हाती फिरतो. मासिक कितीही प्रौढांसाठी असले तरी दिवाळीत त्याला वयाचे कुंपण राहत नाही. खालच्या न्यायालयात सुटलेल्या काकोडकरांना मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला. ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. समाजाची मोजमापे वेगाने बदलत आहेत, किशोरवयीन मुलांनाही आज प्रेम आणि शृंगार असलेले पुष्कळ साहित्य, चित्रपट सहज उपलब्ध आहेत आणि एखाददुसऱ्या वाचकावर नव्हे तर वाचकवर्गावर काय परिणाम होतो ते पाहायचे, असा त्या निकालाचा रोख होता. कायद्याच्या भाषेत किशोर वाचक पहिल्यांदाच थोडा मोठा झाला. त्याच वर्षी कलम २९२ ला दुरुस्ती होऊन विज्ञान, साहित्य, कला यांच्या हिताचे आणि म्हणून लोकहिताचे ठरणारे लेखन अपवाद मानले गेले. शिक्षा मात्र वाढवण्यात आल्या.

न्यायालयाबाहेरचा झगडा अधिक तिखट होता. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ १९६५ मध्ये आली. मुंबईच्या नाक्यावर बसणाऱ्या टवाळ पोरांचे आयुष्य त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच वासनांसह सांगणारी ही कादंबरी. आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’तून तिच्यावर झोड उठवली. एकेकाळी स्वतःच्या चावट विनोदासाठी बोलणी खाल्लेल्या अत्र्यांनी ही भूमिका घ्यावी याचे आश्चर्य तेव्हाही अनेकांना वाटले असेल. पाध्यांची पोरे साधारण त्याच वयाची होती ज्या वयाच्या वाचकांना पुस्तकापासून वाचवायचे होते.

घराघरांतला व्यवहार या जाहीर वादांपेक्षा बराच लवचीक होता. त्याचे केंद्र वाचनालय. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. त्यांच्या जोडीला पेठेपेठेत, चाळींच्या तळमजल्यावर खाजगी लायब्ऱ्या निघाल्या. वर्गणी आईच्या किंवा काकूच्या नावावर असे आणि दुपारी पुस्तक बदलून आणायचे काम मुलांकडे. लायब्ररीवाल्याला घरची आवड पाठ असे, त्यामुळे चिठ्ठीसुद्धा लागत नसे. लायब्ररी ते घर एवढ्या वाटेत आणि आईच्या वामकुक्षीत काकोडकरांची निम्मी कादंबरी वाचून होई. पालकांना हे ठाऊक नसे असे मानायचे कारण नाही. त्यांनीही आपल्या वयात फडके असेच वाचले होते. ओरडा बसे तो बहुधा अभ्यास बुडाल्याबद्दल. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांत झुंजार आणि काळापहाड यांचे वर्तन अगदी सोवळे असूनही त्या क्रमिक पुस्तकाच्या आत लपवूनच वाचाव्या लागत. उलट मृत्यू, दारिद्र्य, हिंसा यांनी भरलेली ऐतिहासिक कादंबरी बैठकीत सर्वांदेखत वाचली तरी कोणी हरकत घेत नसे. रक्त चाले, चुंबन चालत नसे.

या साऱ्याहून वेगळी होती ती पिवळी पुस्तके. एस.टी. स्टँडच्या टपऱ्यांवर आणि रेल्वे फलाटांजवळ ती मिळत आणि वसतिगृहांत फिरत. त्यांना वाङ्मयाचा दावाच नव्हता. काकोडकर, पाध्ये किंवा शिरूरकर यांना त्यांच्याच पंगतीत बसवणे ही मात्र पालकांची आणि फिर्यादींची नेहमीची चूक. याच गोंधळामुळे माहितीची पुस्तकेही संकटात येत. डॉ. विठ्ठल प्रभू यांचे ‘निरामय कामजीवन’ हे शास्त्रीय पुस्तक लग्न ठरलेल्यांना भेट दिले जाई आणि लग्न व्हायला अवकाश असलेल्यांपासून कपाटात वरच्या खणात ठेवले जाई.

एकाच ग्रंथाच्या दोन मराठी अवतारांवरून मधल्या शंभर वर्षांतला पालट मोजता येतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ लिहायला घेतल्या आणि त्यांच्या नंतर विष्णुशास्त्री व इतरांनी ते काम पुढे नेले. रिचर्ड बर्टनचे मोकळेढाकळे इंग्रजी भाषांतर १८८५ पासूनचे. कृष्णशास्त्र्यांपुढचे मूळ आधीच सोवळे केलेले होते. त्यामुळे अल्लाद्दीन आणि सिंदबाद मराठी मुलांचे झाले, बाकीचे अरबस्तान पडद्याआड राहिले. १९७० च्या दशकात गौरी देशपांडे यांनी बर्टनचे संपूर्ण भाषांतर सोळा खंडांत मराठीत आणले. गौरी देशपांडे या इरावती कर्वे यांच्या कन्या आणि र. धों. कर्व्यांच्या पुतणी. काकांना ज्या प्रकारच्या मोकळेपणासाठी दंड झाला होता तो पुतणीच्या सोळा खंडांत ग्रंथालयांच्या कपाटात जाऊन बसला. त्यांच्या स्वतःच्या कादंबऱ्यांतल्या नायिका लग्न, प्रेम आणि शरीर यांविषयी स्वतःच्या अटींवर बोलत, आणि त्या कॉलेजातल्या मुलींच्या दोन पिढ्यांनी वाचल्या.

मधल्या वयाच्या वाचकाची पोकळी हळूहळू भरू लागली. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ मध्ये सुरू झाले, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे लोकप्रिय झाला. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ कट्ट्यावरच्या मुलांची भाषा, दारू, मारामाऱ्या आणि प्रेम यांसह पुण्याचे कॉलेजजीवन सांगत आली आणि ती मुलांनी एकमेकांना दिली. पालकांनी विकत आणून दिल्याची उदाहरणे थोडीच असतील. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) पर्यंत चित्र पालटले होते. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, त्यांच्या शिव्या, मुलींबद्दलचे बोलणे आणि शिरोडकरवरचे त्याचे प्रेम, हे सारे मुलाच्याच तोंडून येते. ही कादंबरी लिहिली मोठ्यांसाठी, पण ती आईबापांनी वाचून मुलांच्या हाती ठेवली. लैंगिकतेला इथे धडा किंवा धोका असे रूप नाही, ती त्या वयाचा एक भाग म्हणून येते. याच सुमारास, २००७ मध्ये, महाराष्ट्रात शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विधिमंडळातल्या विरोधानंतर थांबवला गेला, हेही नोंदवायला हवे. कादंबरीला जे चालले ते अभ्यासक्रमाला चालले नाही.

न्यायालयांची वाटचालही थांबली नव्हती. समरेश बसू यांच्या ‘प्रजापति’ या बंगाली कादंबरीवरचा खटला १९८५ मध्ये निकाली निघाला. ती ‘देश’ नियतकालिकाच्या शारदीय अंकात, म्हणजे आपल्याकडच्या दिवाळी अंकासारख्याच घरभर फिरणाऱ्या अंकात आली होती. न्यायाधीशाने आधी लेखकाच्या आणि मग ज्यांच्या हाती पुस्तक पडेल अशा प्रत्येक वयोगटातल्या वाचकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि कादंबरी निर्दोष ठरवली. २०१४ च्या अवीक सरकार निकालाने हिकलिन कसोटी बाजूला सारून समकालीन समाजाचे सरासरी मान ही कसोटी घेतली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम २९३ ची जागा कलम २९५ ने घेतली आहे. त्यात वीस वर्षांची मर्यादा जाऊन ‘बालक’ हा शब्द आला, आणि बालक म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. चित्रपटांना २०२४ च्या नियमांनी सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा वयाच्या पायऱ्या लावल्या. पुस्तकांना अशी कोणतीही सरकारी प्रतवारी नाही. अश्लील ठरलेली वस्तू बालकाला देणे हा गुन्हा आहे, बाकी कादंबरी कोणत्या वयात कोणाच्या हाती द्यायची हे घर आणि वाचनालय यांच्याकडेच राहिले आहे.